अरक म्हणजे घाम

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. जळगाव जिल्ह्यात, रावेरच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे. घरात खानदेशी वळणाची उर्दू, बाजारात आणि एस.टी.त मराठी, बी.एड.ला पुस्तकी भाषा. त्यामुळे एकाच गोष्टीला माझ्याजवळ नेहमी दोन-तीन शब्द असतात. वर्गात त्याचा फार उपयोग होतो. एका शब्दाने मूल अडलं की दुसऱ्या शब्दाने त्याला पुढे नेता येतं.

मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धती शिकवताना एक शब्द येतो. उर्दूत त्याला 'कशीद' म्हणतात. फारसीत 'कशीदन' म्हणजे ओढणं, ओढून बाहेर काढणं. पदार्थाच्या पोटात जे दडलं आहे ते आचेवर ओढून काढायचं, ती कशीद. मराठीत त्याला 'ऊर्ध्वपातन' असा भारदस्त शब्द आहे. मुलांना तो बोलताना अवघड जातो, पण मला तो मनापासून आवडतो, कारण सगळी क्रिया त्यात आली आहे. आधी वर जायचं, मग खाली पडायचं. वाफ वर जाते, थंड होते आणि थेंब होऊन खाली पडते. खेड्यातल्या मराठीत यालाच सरळ 'गाळणे' म्हणतात. पण 'गाळणे' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते, म्हणून तो शब्द मी जपून वापरते.

फळ्यावर आकृती काढून झाली, मिठाच्या पाण्यापासून शुद्ध पाणी कसं मिळतं ते सांगून झालं, की मागच्या बाकावरून दरवर्षी एक प्रश्न येतोच. "टीचर, दारू भी ऐसीच बनती ना?" वर्गात हशा पिकतो. मुली ओढणीआड तोंड लपवतात. मी "हो" म्हणते आणि पुढे सांगते. पाणी १०० अंशांना उकळतं, अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास. आंबवलेला रस तापवला की अल्कोहोलची वाफ आधी आणि जास्त प्रमाणात वर जाते. ती वेगळी थंड केली की मूळ रसापेक्षा कितीतरी कडक द्रव हाती येतो. एवढंच त्यातलं विज्ञान. परंतु विज्ञान सांगून झालं तरी वर्गाची शांतता मोडत नाही. त्या शांततेत किती तरी घरं बसलेली असतात, हे मला इतक्या वर्षांत कळू लागलं आहे. या लेखात मला त्या शांततेविषयी लिहायचं आहे. मात्र त्यासाठी थोडं दूरवरून यावं लागेल.

मुलांना मी गंमत म्हणून सांगते की 'अल्कोहोल' हा शब्द मुळात आपल्या ताकातल्या सुरमादाणीतला आहे. अरबीत 'अल-कुहल' म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची अतिशय बारीक केलेली पूड. हा शब्द युरोपात लॅटिनमध्ये गेला तेव्हा त्याचा अर्थ बारीक पूड असाच होता. पुढे कोणत्याही पदार्थाचा शुद्ध केलेला अंश असा अर्थ रुळला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने तो शब्द द्राक्षमद्याच्या सत्त्वाला लावला आणि हळूहळू सुरमा मागे पडून मद्यच उरलं. आज अरब स्वतः मद्यार्काला 'कुहूल' म्हणतात. शब्द माहेरी परत आला, पण कपडे बदलून.

ज्या भांड्यात ऊर्ध्वपातन करतात त्याचं जुनं नाव 'अलेंबिक'. ते अरबी 'अल-अंबीक'वरून आलं. आपल्या युनानी दवाखान्यांत आजही 'करा-अंबीक' म्हणतात. करा म्हणजे खालचं दुधी भोपळ्यासारखं भांडं आणि अंबीक म्हणजे त्यावरचं डोकं. आणि तिसरा शब्द 'अरक'. अरबीत 'अरक' म्हणजे घाम. भांड्याच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात, कपाळावरच्या घामासारखे, आणि ओघळून खाली येतात. कुणा कारागिराने किंवा हकीमाने ते पाहिलं असेल आणि म्हटलं असेल, भांड्याला घाम आला. अरक-ए-गुलाब, अरक-ए-बादियान ही आपल्या घरांतली नावं त्याच घामाची आहेत. मराठीतला 'अर्क'ही आपण त्याच अर्थाने वापरतो.

हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर अभिमान येतो. यावा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांच्या रसायनावर एक ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावर असलेल्या लेखनात, उकळत्या मद्याच्या बाटलीच्या तोंडाशी पेट घेणाऱ्या वाफेचा उल्लेख येतो. अल-किंदींच्या लेखनातही मद्याच्या ऊर्ध्वपातनाचा उल्लेख असल्याचं विज्ञानाचे इतिहासकार अहमद युसुफ अल-हसन यांनी दाखवून दिलं आहे. या मंडळींना मुख्यतः अत्तर हवं होतं, गुलाबपाणी हवं होतं, औषध हवं होतं. आगीवर ठेवलेलं भांडं मात्र गुलाब आणि मद्य यांत भेद करीत नाही.

परंतु अभिमानालाही हिशेब हवा. 'अंबीक' हा शब्द अरबांनी ग्रीक 'अंबिक्स'वरून घेतला. इजिप्तमध्ये, इसवी सन ३०० च्या सुमारास, झोसिमोस या किमयागाराने अशा उपकरणांचं वर्णन केलं आहे आणि त्याचं श्रेय त्याच्या आधीच्या मारिया नावाच्या एका यहुदी स्त्रीला दिलं आहे. वर्गातल्या मुलींना मी हे नाव आवर्जून सांगते. आपल्या उपखंडातही, आजच्या पाकिस्तानातल्या चारसद्द्याजवळ शेखान ढेरी येथे अहमद हसन दानी यांनी १९६३-६४ मध्ये उत्खनन केलं. तिथे सापडलेली मातीची भांडी ऊर्ध्वपातनातला द्रव गोळा करण्यासाठी होती, असं पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये मांडलं. भारत हेच ऊर्ध्वपातनाचं जुनं घर आहे का, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत. तात्पर्य एवढंच की ही विद्या कुणा एकाच्या अंगणात उगवलेली नाही. ज्याला जिथून जे मिळालं ते त्याने घेतलं, सुधारलं आणि पुढे दिलं.

पुढे ती कुठे कुठे गेली हे नकाशावर पाहण्यासारखं आहे. लेबनॉन, सीरिया, इराक या भागांत द्राक्षांपासून काढलेल्या आणि बडीशेपेच्या जातीच्या बियांनी सुगंधित केलेल्या पेयाला आजही 'अरक' म्हणतात. तुर्कस्तानात तेच 'राकी' झालं. पाणी घातलं की ते दुधासारखं पांढरं होतं, कारण बियांतलं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात विरघळत नाही. तुर्क त्याला लाडाने सिंहाचं दूध म्हणतात. मंगोलियात घोडीच्या आणि गाईच्या आंबवलेल्या दुधापासून काढतात ती 'अर्खी'. मंगोलांबरोबर ही कला चीनमध्ये गेली. १३३० मध्ये हू सिहुई या दरबारी आहारतज्ज्ञाने लिहिलेल्या पुस्तकात 'अलाजी' या नावाचं मद्य येतं, तो 'अरक'च. कोरियाच्या सोजूला केसोंग शहराच्या बाजूला 'अरक-जू' म्हणत, तेही मंगोलांच्या तेराव्या शतकातल्या स्वाऱ्यांमुळे. श्रीलंकेत नारळाच्या माडीपासून, जावात उसाच्या मळीपासून 'अरॅक' निघाला. आणि आपल्या शेजारी गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्यांदा भट्टी लावली की जे सौम्य पेय निघतं त्याला म्हणतात 'उर्राक'. पुन्हा भट्टी लावली की फेणी. काजूचं झाड पोर्तुगीजांनी आणलं, भट्टीचा शब्द अरबी, आणि 'फेणी' हे नाव आपल्याच 'फेना'वरून, म्हणजे फेसावरून. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

युरोपात नाव वेगळं पडलं. बाराव्या शतकाच्या सुमारास इटलीतल्या सालेर्नोच्या वैद्यांनी मद्यापासून पेट घेणारं पाणी काढलं आणि औषध म्हणून वापरलं. पुढे लॅटिनमध्ये त्याला 'अक्वा व्हिटे' म्हणू लागले. अर्थ, जीवनाचं पाणी. फ्रेंचांनी त्याचं भाषांतर केलं, 'ओ द वी'. स्कॉटलंड-आयर्लंडच्या गेलिक भाषेत झालं 'उश्क बाहा', त्याचंच पुढे 'व्हिस्की'. स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्याच्या हिशेबात १४९४ साली जॉन कॉर नावाच्या एका मठवासीयाला असं पाणी बनवण्यासाठी जवाचं माल्ट दिल्याची नोंद आहे. रशियनांनी आपल्या मद्याला 'व्होडका', म्हणजे छोटंसं पाणी म्हटलं.

एकाच थेंबाला कुणी आयुष्य म्हटलं, कुणी घाम. मला वाटतं अरबी नाव जास्त खरं आहे. ते थेंबाची स्तुती करत नाही. भांड्याच्या अंगावर काय दिसलं ते फक्त सांगतं. आणि ज्या घरात हा थेंब रोज येतो, त्या घरात घाम कोण गाळतं हे आपल्या गल्लीतल्या कुणालाही विचारा.

आमच्या गावापासून बुऱ्हाणपूर फार लांब नाही. तापीच्या काठावरच्या शाही किल्ल्यात आमच्या शाळेची सहल जाते. मुलांना तिथे मुमताज महलची हकीगत माहीत असते. ती १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारली. मी मात्र मुलांना आणखी एक हकीगत सांगते. अकबर बादशहाचा धाकटा मुलगा दानियाल १६०५ मध्ये याच शहरात मेला, वय तेहतीसच्या आसपास. मोठा भाऊ मुराद १५९९ मध्ये दख्खनमध्येच गेला होता, तोही दारूपायी. अकबराच्या ताकिदीवरून दानियालवर पहारा बसवला गेला. पहाऱ्याची जबाबदारी सासऱ्यावर, अब्दुर्रहीम खानखानान यांच्यावर होती. तेव्हा दानियालने आपल्या मर्जीतल्या बंदूकधाऱ्याला गळ घातली. आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीत त्याने दोनदा गाळलेला अरक आणवला. नळीत दारूगोळ्याचा अंश होता, गंज होता, तो अरकात उतरला. प्याला आणि त्याने अंथरूण धरलं, ते शेवटचंच. या बंदुकीला त्याने स्वतःच एक नाव दिलं होतं आणि त्या नावात 'जनाजा' हा शब्द होता. हे सगळं त्याच्या सावत्र भावाने, जहांगीरने, आपल्या 'तुझुक'मध्ये लिहून ठेवलं आहे.

जहांगीरने स्वतःबद्दलही लपवलेलं नाही. अठराव्या वर्षी सुरुवात झाली, मग द्राक्षाची दारू लागेना म्हणून अरक, तो वाढत वाढत दिवसाला वीस प्याल्यांवर गेला. हात इतके थरथरू लागले की प्याला दुसऱ्याने ओठाला लावावा लागे. हकीम हुमाम यांनी स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही, तेव्हा त्याने प्रमाण कमी केलं. सुटली मात्र नाही. गादीवर बसताना त्याने जे बारा हुकूम काढले त्यांत मद्य बनवणं आणि विकणं बंद करण्याचा हुकूमही होता. तो देताना आपण स्वतः पितो हेही त्याने लिहिलं. बादशहाने आपल्या घरातल्या दोन मृत्यूंचं कारण आणि आपल्या हातांचा कंप नाव घेऊन लिहिला, ही गोष्ट मला त्याच्या न्यायाच्या साखळीपेक्षा मोठी वाटते.

त्याच दरबारात त्याच विद्येतून दुसरंही काही निघालं. 'तुझुक'मध्येच जहांगीर सांगतो की नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करवीत होती. गरम गुलाबपाणी ताटांत ओतलं की वर तेलाचा पातळ तवंग येई. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मैफल दरवळावी असा तो सुगंध होता. त्याला 'इत्र-ए-जहांगीरी' हे नाव मिळालं. आजही कनौजमध्ये तांब्याची देग, बांबूची नळी आणि भबका, म्हणजे खालचं जमा करायचं भांडं, यांवर अत्तर निघतं. देगीचं झाकण मातीने लिंपतात, खाली लाकडाची आच, कारागीर हाताने भांडं चाचपून उष्णता ओळखतो. हातभट्टीवरचा माणूसही जवळपास हेच करतो.

हिंदुस्थानात बंदीचा अनुभवही जुना आहे. अलाउद्दीन खिलजीने दिल्लीत दारूबंदी केली तेव्हा आधी स्वतःची मैफल मोडली. बदायूँ दरवाज्याशी इतकं मद्य ओतलं की पावसाळ्यासारखा चिखल झाला, असं झियाउद्दीन बरनी लिहितात. मग लोक घरोघरी चोरून भट्ट्या लावू लागले. कातडी पिशव्यांत भरून, गवताच्या आणि लाकडाच्या भाऱ्यांत लपवून दारू शहरात येऊ लागली. सुलतानाने त्याच दरवाज्याबाहेर खड्डे खणून त्यांत पिणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना कोंडलं. कित्येक त्यातच मेले. शेवटी सुलतानालाच नमतं घ्यावं लागलं. घरात गाळून घरातच प्याली, विकली नाही, मैफल भरवली नाही, तर विचारू नये, असा हुकूम निघाला.

याउलट मदिनेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. मनाई आली आणि लोकांनी आपल्या हातांनी माठ रस्त्यावर ओतले. शिक्षिका म्हणून मला त्या गोष्टीत जे आधी झालं ते महत्त्वाचं वाटतं. ही मनाई एका दिवसात आली नाही. आधी सूरह बकरहमध्ये फायदा आणि गुन्हा यांचा तोल मांडला गेला. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जाऊ नये हे आलं. शेवटी सूरह माइदहमध्ये पूर्ण मनाई. आधी समज, मग सवयीला आळा, मग सोडणं. बी.एड.ला शिकवण्याच्या ज्या पायऱ्या आम्ही पाठ केल्या त्या याहून वेगळ्या नव्हत्या.

आता आमच्या सातपुड्याकडे येते. डोंगरात भिल्ल आणि पावरा बांधव राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, बायामुलं पहाटे उठून ती वेचतात, वाळवतात. फुलं खातात, विकतात आणि त्यांची दारूही गाळतात. देवाला, पूर्वजांना, लग्नात, मरणात तिचे थेंब वाहिले जातात. आपल्या दृष्टीने ती हराम आहे, परंतु त्यांच्या दृष्टीने ती पूजेचा भाग आहे, आणि शेजाऱ्याची पूजा समजून घ्यायला आपला ईमान कमी होत नाही. इंग्रजांनी १८७८ चा मुंबई आबकारी कायदा करून घरगुती गाळप गुन्हा ठरवलं आणि मद्य सरकारी देखरेखीच्या भट्ट्यांतून व ठेकेदारांच्या दुकानांतून आणलं. १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागात मोहफुलं साठवण्या-विकण्यावरही कायद्याने बंधन आलं. धर्मविधीतला थेंब महसुलाचा झाला आणि आदिवासी कर्जबाजारी झाला. हे आदिवासींनाही उमगलं. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीच्या नावाने हजारो आदिवासींनी दारू सोडली. पश्चिम खानदेशात तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराज नावाच्या भिल्ल संताने १९३० च्या दशकात हाच उपदेश केला. एकमेकांना 'आप' म्हणा, स्वच्छ राहा, दारू सोडा. ज्यांची पूजाच दारूने होते त्यांनी एकत्र बसून, उघड बोलून हे केलं.

गावांत आणि शहरांच्या झोपडपट्ट्यांत आज जी हातभट्टी मिळते तिचा मोहाशी संबंध उरलेला नाही. काळा गूळ, नवसागर, आणि कधी कधी थेट कारखान्यातलं मिथेनॉल. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, दिसायला-वासाला अल्कोहोलसारखंच, पण शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि आधी डोळे जातात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. मरणाऱ्यांत रोजंदारीवरचे मजूर होते. मराठीत अस्सल गोष्टीला 'पहिल्या धारेची' म्हणतात. जाणता भट्टीवाला पहिली धार थोडी वेगळी काढतो, हे पिणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो. पन्नीतून येणाऱ्या दारूला धारच नसते.

आणि आता आपला मोहल्ला. "अपने में कोई नहीं पीता" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. बाहेरच्यांसमोर आपण ते अभिमानाने बोलतो. बऱ्याच घरांबाबत ते खरंही आहे आणि त्याबद्दल मी अल्लाहचे आभार मानते. परंतु ज्या घरांत ते खरं नाही, त्या घरांतल्या बायकांच्या तोंडावर हे वाक्य हात ठेवतं. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. विज्ञानात हुशार, प्रयोगाच्या तासाला सगळ्यांच्या पुढे. अचानक आठवड्यातले तीन-तीन दिवस गैरहजर राहू लागला. कळलं की केळीच्या गाड्या भरायला जातो. केळीचा घड खांद्यावर घेऊन दिवसभर ट्रकपर्यंत फेऱ्या. चौदा वर्षांचं पोर. मी आईला बोलावलं. ती बुरख्याची कड बोटांत फिरवत बसली आणि म्हणाली, "उनकी तबियत ठीक नहीं रहती, टीचर. वो लेते हैं।"

काय लेते हैं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारण्याची गरज नव्हती. आमच्या भाषेत या क्रियापदाला कर्मच नाही. 'लेते हैं', 'वो शौक है', 'सोहबत खराब हो गई'. ज्या भाषेने जगाला अल्कोहोल, अलेंबिक, अरक हे शब्द दिले असं मी वर्गात सांगते, त्या भाषेचा वारसा सांगणाऱ्या घरात त्या गोष्टीला नाव घेण्याची सोय नव्हती.

जुम्याच्या बयानात दारूचा विषय निघतो. लाउडस्पीकरवर आम्हा बायकांनाही ऐकू येतो. तिथे गुनाह असतो, अजाब असतो. ते चुकीचं नाही. परंतु पिणारा त्या दिवशी मशिदीत नसतो आणि ऐकणारी त्याची बायको घरात आणखी खाली मान घालते. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, ते लावून नमाज होते का, यावर आपल्याकडे घराघरांत चर्चा झाली. आलिमांनी उत्तरं दिली, व्हॉट्सॲपवर फतवे फिरले. बाटलीवरचा तो शब्द लोक मोठ्याने वाचत होते. हातावर उडून जाणाऱ्या थेंबाबद्दल आपण इतकं उघड बोललो. पोटात जाणाऱ्याबद्दल तेवढंच उघड का बोलू नये?

मला याचं उत्तर एका परक्या संस्थेत सापडलं. १९३५ मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली. आज महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात. तिथे माणसाचं पूर्ण नाव विचारत नाहीत, पण प्रत्येकजण उभा राहून आपल्या आजाराचं नाव घेतो. आपल्या मोहल्ल्यात नेमकं उलटं चालतं. माणसाचं नाव साऱ्या गल्लीला माहीत असतं, आजाराचं नाव कुणी घेत नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणनेही व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत, हे मराठी घरांना शिकवलं. आजार म्हटल्याने गुनाह माफ होतो असं मी म्हणत नाही. तो हिशेब अल्लाहकडे. पण आजार म्हटल्याने दवाखान्याचा रस्ता दिसतो. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय अचानक सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, कधी जीवही जातो. हे किती घरांत माहीत आहे? कसम खायला लावून खोलीत कोंडणं हा उपाय आपल्याकडे अजूनही सांगितला जातो.

त्या आईशी मी पुढे बऱ्याचदा बोलले. घरी गेले, तीही शाळेत आली. दरवेळी 'लेते हैं'. मग एके दिवशी, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, मी शेजारी बसलेली असताना ती म्हणाली, "साहब, मेरे घरवाले दारू पीते हैं. नौ साल हो गए।" आवाज मोठा नव्हता. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं आणि पुढचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती, केव्हापासून, हात कापतात का, रात्री झोप लागते का. नवऱ्याला जिल्ह्याला पाठवलं. तो परत आला, चार महिने बरा राहिला, पुन्हा घसरला, पुन्हा गेला. मी इथे चमत्कार सांगत नाही. मुलगा गाड्या भरायला सुट्टीतच जाऊ लागला आणि दहावीची परीक्षा त्याने दिली.

तेव्हापासून ऊर्ध्वपातनाच्या धड्याला मी दोन तास घेते. पहिल्या तासात आकृती, उत्कलनबिंदू, गुलाबपाणी, अल-किंदी, मारिया. दुसऱ्या तासात मी सरळ दारू हा शब्द फळ्यावर लिहिते. ती कशी बनते, यकृताचं काय करते, मिथेनॉल म्हणजे काय, सोडायची असेल तर कुठे जायचं. सुरुवातीला एका-दोघा पालकांची तक्रार आली की टीचर मुलांना दारू शिकवतात. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, मी वही दाखवली, त्यांनी वाचली आणि परत दिली.

त्या दुसऱ्या तासाला आता हसणं कमी झालं आहे. तास संपल्यावर कधी एखादी मुलगी मागे रेंगाळते, दप्तराचा पट्टा उगाच घट्ट करत राहते. मी खडू ठेवते आणि थांबते. ती बोलली तर ऐकते. नाही बोलली तर दुसऱ्या दिवशीही थांबते.